सायकलवाल्यांच्या गोतावळ्यात नव्याने येताना

सायकल घेतली, चार दिवस एकट्याने चालवली, अंगाला सवय झाली, की पुढचा प्रश्न येतो: बाकीचे लोक भेटतात कुठे? पहाटे रांगेने जाणारे, चालता चालता हाताने खुणा करणारे, सिग्नलला थांबून गप्पा मारणारे. शहर कुठलंही असो, असा गोतावळा असतोच, आणि दिसतो त्याहून तो बराच मोठा असतो. त्यात शिरणं अवघड नाही. नवखी मंडळी मात्र आधी अंगाला चिकटणारे कपडे, मग भारी सायकल आणि मग वेग अशा क्रमाने तयारीला लागतात आणि तोवर सहा महिने जातात. त्यातलं काहीही पहिल्या दिवशी लागत नाही. मागच्यासाठी थांबता येणं आणि नेमकी बातमी देता येणं, या दोन गोष्टी ज्याला जमल्या तो कुठल्याही गटात आठवड्याभरात आपला होतो.

1. आधी कोण कशासाठी चालवतं ते बघा

'सायकल ग्रुप' म्हणजे एकच प्रकार नव्हे. कामावर सायकलने जाणाऱ्यांचा गट असतो. ते एकत्र फारसे फिरत नाहीत, पण कुठला रस्ता खोदलाय, कुठल्या इमारतीत सायकल ठेवू देतात याची सगळ्यात ताजी माहिती त्यांच्याकडे मिळते. सुट्टीच्या सकाळी वेगात जाणारे वेगळे. तिथे राइडच्या सूचनेत सरासरी वेग लिहिलेला असतो आणि तो खरा धरायचा. 'ताशी 28' लिहिलं असेल आणि तुम्ही एकट्याने 20 ने जात असाल, तर हौस म्हणून जाऊ नका. तुमचीही सकाळ जाते आणि त्यांचीही.

लांब पल्ल्यावाले तिसरे. त्यांच्या तोंडी सतत 'ब्रेव्हे' ऐकू येईल. ही शर्यत नसते; ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत आणि स्वतःच्या बळावर पुरं करायचं असतं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. ही चारही अंतरं एकाच हंगामात पूर्ण करणाऱ्याला 'सुपर रँडोनिअर' म्हणतात. या मंडळींचं पंढरपूर म्हणजे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस. 1891 साली शर्यत म्हणून सुरू झालेली ही वारी आता दर चार वर्षांनी होते, सुमारे 1,200 किलोमीटरची, आणि कमाल मुदत 90 तासांची. आकडे ऐकून घाबरू नका. ब्रेव्हेवाले वेगाने नाही तर चिकाटीने चालवतात, त्यामुळे नवख्याशी त्यांचं बरं जमतं.

मग रस्त्यावरचा हक्क मागणारे. 'क्रिटिकल मास' हा त्यातला सगळ्यात गाजलेला प्रकार. 1992 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला आणि आज जगभरच्या शेकडो शहरांत बहुधा महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी होतो. याला नेता नसतो, ठरलेला मार्गही बहुतेकदा नसतो. सगळ्यांनी मिळून रस्त्यावर काढलेली ही राइड हळू चालते, गर्दी असते, म्हणून नवख्याला शारीरिकदृष्ट्या सोपी. पण चौकात इतर वाहनं अडवून सगळ्यांना एकत्र पुढे काढण्याची जी पद्धत आहे, तिच्यावरून वाद होतात, कधी पोलीसही येतात. पहिल्या वेळी कडेने जा, बघा, मग ठरवा.

दुरुस्तीचे गट शांत असतात आणि फारसे कुणाला माहीत नसतात. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी सामायिक हत्यारं मांडून बसतात. तुमची सायकल ते दुरुस्त करून देत नाहीत, तुमच्याकडून करून घेतात. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करावी. शहरातले सगळे गट कधी ना कधी इथे पाना मागायला येतात, त्यामुळे ओळखी आपोआप होतात.

2. पहिल्या राइडआधी तीन गोष्टी विचारा

अंतर किती, सरासरी वेग काय, आणि मागे कोण असतं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रीतीच्या गटात सर्वांत मागे एक अनुभवी माणूस ठेवलेला असतो, त्याला 'स्वीप' म्हणतात. तो कुणालाही मागे टाकून पुढे जात नाही. "स्वीप कोण आहे?" या प्रश्नाला लगेच नाव मिळालं तर तो गट नवख्याला सुरक्षित. "अहो, सगळे एकत्रच असतो" असं उत्तर आलं तर समजा की चढ लागला की तुम्ही एकटे.

'नो ड्रॉप' असं लिहिलेलं असेल तर कुणालाही मागे सोडणार नाहीत असा त्याचा अर्थ. तरी वळणावर थांबतात की फक्त शेवटी, हे विचारून घ्या. दोन्हींत फार फरक आहे. आणि परतीचा रस्ता स्वतःला माहीत असू द्या. दम संपला तर कुठून कापून घरी जाता येईल ते आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवा.

3. सायकलची तयारी

हे थोडक्यात. टायरच्या बाजूवर हवेचा किमान-कमाल दाब छापलेला असतो, त्यात राहा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकलून बघा. चेनला तेल, पण ओथंबलेलं नको. वरचं पुसून टाका. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, दिवसासुद्धा. हेल्मेट एकदा जोरात आपटलेलं असेल तर वरून धड दिसलं तरी बदला, कारण आतला फोम एकदाच धक्का खाण्यासाठी असतो. सोबत तुमच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप. पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो ना, हे घरीच बघा. प्रेस्टा (बारीक, टोकाला फिरकी असलेला) आणि श्रेडर (मोटारीच्या चाकासारखा जाड) हे दोन वेगळे असतात, आणि रस्त्यावर हे कळून काही उपयोग नसतो.

4. रांगेत चालवताना

गटात चालवण्याचा पहिला नियम: तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही येऊ देऊ नका. पुढचा खड्डा चुकवायला वीतभर जरी सरकला तरी त्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकाला घासतं. तो बहुधा सावरतो, कारण त्याचं हँडल मोकळं असतं. तुम्ही पडता, आणि तुमच्या मागचे तुमच्यावर. गटातले बरेच अपघात गाड्यांमुळे नाही, असेच होतात.

मग अंतर किती ठेवायचं? अनुभवी लोक पुढच्याच्या आडोशाला इतके चिकटून चालवतात की मध्ये हातभरही जागा नसते. वारा अडतो, जोर बराच कमी लागतो. तुम्ही मात्र पहिले काही आठवडे एका सायकलीची लांबी सोडा. आडोशाचा फायदा थोडा कमी मिळेल, ब्रेक लावायला वेळ मिळेल. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नका. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघा.

खुणा गटागणिक थोड्या बदलतात, पण सर्वसाधारण अशा: खड्डा किंवा काच असेल तर त्या बाजूला बोट खाली. रस्त्याकडेला उभी गाडी असेल तर त्या बाजूचा हात पाठीमागे नेऊन दुसरीकडे सरका अशी खूण. थांबताना हात वर आणि तोंडानेही सांगायचं, कारण ब्रेक लावताना हात सोडता येतोच असं नाही. पुढून आलेली हाक तुम्ही मागे पोचवायची. ती तुमच्यापाशी थांबली तर मागचे सगळे आंधळे.

नवख्याला खुणा करायला हात सोडायची भीती वाटते. मग करू नका. दोन्ही हात हँडलवर ठेवून "खड्डा!" म्हणून ओरडलं तरी काम होतं, आणि कुणी हसत नाही.

उभ्या मोटारींपासून निदान मीटरभर लांब राहा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. आणि गट सिग्नलला तुटला तर लाल दिवा तोडून गटाला गाठू नका, पुढचे थांबतील. थांबत नसतील तर तो गट बदला.

5. पंक्चर झालं की

गट कसा आहे हे पंक्चरच्या वेळी कळतं. हाक गेली की चांगला गट रस्त्यावरून पूर्ण बाजूला होतो, एक जण मागून येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवतो, एक-दोन जण मदत करतात, बाकीचे लांब उभे राहतात. नवख्याच्या हातातून चाक ओढून घेऊन दोन मिनिटांत काम उरकणारा माणूस मदत करतोय असं वाटतं. खरं तर जो शेजारी उकिडवा बसून "आता पट्टी इथे घाल" असं सांगतो तो जास्त कामाचा.

मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा, चाक सहज सुटतं. ट्यूब बाहेर काढताना ती टायरशी कशी बसली होती ते विसरू नका. जाणकार लोक टायर चढवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हपाशी आणून बसवतात. शोभेसाठी नव्हे. ट्यूबमध्ये भोक व्हॉल्व्हपासून किती लांब सापडलं ते मोजायचं आणि टायरवर नावापासून तितक्याच अंतरावर काटा शोधायचा, एवढ्यासाठी. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळून फिरवली की बारीक भोकही जाणवतं.

भोक काय सांगतं ते वाचायला शिका. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा, तार किंवा काच. आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि नवी ट्यूबही तशीच जाणार. आणि शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी, दिसली तर हवा कमी होती. खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. मग टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा. बोट फिरवायचा मोह होतो, पण तारेचा तुकडा बोटात जातो. कापड अडकलं की तिथेच काहीतरी आहे. हे शोधल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत पुन्हा इथेच बसाल. नव्या ट्यूबला आकार येण्यापुरती हवा आधी भरा, म्हणजे ती टायरखाली चिमटणार नाही. शेवटचा टायरचा भाग शक्यतो पट्टीने नाही, तळहातांनी ढकलून बसवा.

जुनी ट्यूब फेकू नका. घरी जाऊन घासा, सोल्यूशन लावा, ते हाताला कोरडं लागेपर्यंत थांबा, मग पॅच दाबा. घाई इथेच नडते.

6. बातमी घ्यायला आणि द्यायला शिका

गटाच्या फोनवर दिवसभरात ढीगभर निरोप येतात. त्यातले बहुतेक फोटो आणि अभिनंदनं. कामाच्या बातम्या थोड्या असतात: रस्त्याची हालत, चोरी, अपघात, पालिकेचे निर्णय आणि होऊ घातलेल्या राइड. त्यांतलं कुठलं तुमच्या उद्याच्या सकाळवर परिणाम करणार आहे, ते चाळून घ्यायची सवय लावा.

देताना मात्र नीट द्या. "पुलावर काम चालू आहे, सगळ्यांनी जपून" हा निरोप निरुपयोगी आहे. कुठला पूल, कुठली दिशा, कधी पाहिलंत? उलट हे बघा: "नदीवरचा जुना पूल, शहराकडे येणारी बाजू. कडेची अर्धी मार्गिका खोदलेली. आज सकाळी सहाला पाहिलं. उतरून पदपथावरून सायकल नेता येते. काम कधी संपणार याचा फलक नाही." पाच वाक्यं, आणि वाचणाऱ्याला उद्याचा मार्ग ठरवता येतो. फोटो काढलात तर खड्ड्याचा अगदी जवळून नको. मागे ओळखीची एखादी खूण दिसेल असा काढा.

आणि एक गोष्ट कुणीच करत नाही, ती तुम्ही करा: काम संपलं की "रस्ता सुरू झाला" हेही कळवा. रस्ता बंद असल्याची बातमी महिनोन्महिने फिरत राहते आणि लोक उगाच वळसा घालत राहतात.

हेच खड्डे पालिकेच्या तक्रार यंत्रणेतही नोंदवा, आणि तक्रार क्रमांक गटात टाका म्हणजे दुसऱ्यांना त्याचा पाठपुरावा करता येतो. खुल्या नकाशावर, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर, पाण्याचा नळ, सायकल ठेवायची जागा, नकाशात नसलेली सायकल मार्गिका हे सगळं तुम्हाला स्वतः दुरुस्त करता येतं. 2004 पासून तो असाच लोकांनी भरत आणला आहे, आणि सायकलचे कितीतरी मार्गदर्शक अ‍ॅप त्यावरच चालतात.

राइड नोंदवणारं अ‍ॅप वापरत असाल तर घराच्या आसपासचा भाग लपवायची सोय सुरू करा. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा या अशाच अ‍ॅपच्या सार्वजनिक नकाशावरून लष्करी तळांच्या आतले धावण्याचे मार्ग उघडे पडले आणि जगभर बोभाटा झाला. सैन्याचे तळ दिसतात तिथे तुमच्या घराचं दार आणि रोजची निघायची वेळ चोराला दिसायला काय अडचण?

चोरीवरून आठवलं: पॅडलच्या आसाखाली, फ्रेमच्या पोटाशी बहुधा एक क्रमांक कोरलेला असतो. आजच सायकल उलटी करून त्याचा फोटो काढा. चोरी झाल्यावर "काळी, गिअरची" एवढ्या वर्णनावर कुणालाच ती सापडत नाही. क्रमांक आणि एखादा ओरखडा सांगितलात तर शोधणाऱ्यांना आधार मिळतो. सापडली तरी विकणाऱ्याला गाठायला एकटे जाऊ नका; पोलिसांना घेऊन जा.

7. अपघाताची बातमी

इथे हात आवरा. घरच्यांना कळायच्या आत नाव टाकायचं नाही. जखमीचा फोटो पुढे पाठवायचा नाही, मदतीसाठी असला तरी. आणि "चूक कुणाची" हे पहिल्या तासात कुणालाही माहीत नसतं, त्यामुळे तेही लिहायचं नाही. जागा, वेळ, रुग्णवाहिका बोलावली की नाही, रक्त हवंय का, एवढंच. समोर पाहिलं असेल तर जे पाहिलं ते स्वतःसाठी त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढे जबाब द्यायची वेळ आली तर आठवणीवर विसंबावं लागणार नाही.

कुणी गेलं तर गोतावळ्याची स्वतःची रीत आहे. अपघाताच्या जागी पूर्ण पांढरी रंगवलेली सायकल ठेवतात. ही प्रथा 2003 साली अमेरिकेत सेंट लुइसला सुरू झाली. त्याच वर्षी डॅलसमध्ये 'राइड ऑफ सायलेन्स' सुरू झाली. ती आता मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी अनेक देशांत निघते: हळू, रांगेने, एक शब्द न बोलता. नवख्यानेही जावं. फक्त घंटी वाजवू नये आणि फोन बाहेर काढू नये.

8. शहराच्या कामात हातभार

नेदरलँड्स पूर्वीपासूनच सायकलींचा देश होता आणि तसाच राहिला, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. 1971 साली तिथे रस्त्यांवरच्या अपघातांत 3,000 हून अधिक माणसं गेली, त्यांत 400 हून अधिक मुलं. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे धोरण वळायला लागलं. कोलंबियातल्या बोगोता शहराचा 'सिक्लोविया' हा उपक्रमही 1974 सालच्या सायकलवाल्यांच्या निदर्शनातून आला. आज दर रविवारी आणि सुट्टीला तिथे 120 किलोमीटरहून अधिक रस्ते सकाळी सात ते दुपारी दोन मोटारींना बंद असतात. हे सगळं मागितल्यावर मिळालं.

नवख्याने लगेच भाषणं द्यावीत असं नाही. सगळ्यात उपयोगी आणि कंटाळवाणं काम म्हणजे मोजणी. पालिकेच्या बैठकीत "इथून सायकली जातातच कुठे?" असं कुणीतरी विचारतंच, आणि तेव्हा कागद लागतो. एका चौकात दोघांनी उभं राहायचं. मधल्या वारी, म्हणजे मंगळवार ते गुरुवार, कामावर जायच्या वेळेला. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना, दिशा वेगळी, प्रत्येक सायकलीला एक उभी रेघ. हवामान वर लिहा. बायका आणि मुलं वेगळी मोजा: जिथे त्यांचं प्रमाण नगण्य आहे तो रस्ता लोकांना सुरक्षित वाटत नाही, हा मुद्दा तुमच्या तक्त्यावरून आपोआप उभा राहतो. महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा. एकदाच केलेली मोजणी अधिकारी सहज झटकून टाकतात.

बैठकीला गेलात तर एकच रस्ता आणि एकच मागणी घेऊन जा. "शहर सायकलस्नेही करा" यावर सगळे माना डोलावतात आणि काहीच होत नाही. "या शाळेसमोर मार्गिका आणि मोटारींमध्ये खांब बसवा" यावर निदान हो किंवा नाही मिळतं. जर्मनीत 2020 पासून सायकलला ओलांडताना शहरात 1.5 मीटर आणि शहराबाहेर 2 मीटर अंतर ठेवणं सक्तीचं आहे. तुमच्याकडे असा आकडा कायद्यात आहे का ते आधी शोधा. असेल तर मागणी नवीन कायद्याची नको, आहे तो पाळायला लावायची करा.

9. स्वतःची राइड ठेवताना

काही महिन्यांनी कुणीतरी म्हणेल, "पुढच्या वेळी तूच ने." 3 जून हा संयुक्त राष्ट्रांनी 2018 साली जाहीर केलेला जागतिक सायकल दिन, त्या सुमारास शहरात नवखे बरेच बाहेर पडतात, पहिल्यांदा नेतृत्व करायला तो दिवस चांगला. सूचनेत भेटायची वेळ आणि निघायची वेळ वेगळी लिहा, मध्ये निदान पंधरा मिनिटं. अंतर, वेग, चढ, मधलं थांबायचं ठिकाण, आणि स्वीपचं नाव. आदल्या आठवड्यात मार्ग त्याच वेळी चालवून बघा. दुपारी मोकळा असलेला रस्ता सकाळी बाजाराने भरलेला निघतो.

निघताना डोकी मोजा आणि प्रत्येक थांब्यावर पुन्हा मोजा. मधूनच घरी जाणाऱ्याने सांगून जावं हे सुरुवातीलाच बजावा, नाहीतर स्वीप अर्धा तास रिकाम्या रस्त्यावर त्याची वाट बघतो. वेग ठरवताना पुढच्या तगड्या मंडळींकडे बघू नका. दर दहा मिनिटांनी स्वीपला फोन किंवा हाक देऊन विचारा, मागचा बोलू शकतोय का. बोलताना धाप लागत असेल तर वेग कमी करा. पुढच्यांनी कुरकुर केली तर त्यांना पुढच्या चढाला टोकापर्यंत जाऊन परत यायला सांगा, ते खूश होतात.